रजा आणि खाडा

कामावरील गैरहजेरीला मराठींत दोन शब्द आहेत, आणि त्या दोन शब्दांत आपली अर्धी समाजरचना सांठविलेली आहे. कचेरींतला मनुष्य एक दिवस कामावर गेला नाहीं तर ती त्याची रजा होते. रोजावरचा मनुष्य गेला नाहीं तर तो त्याचा खाडा होतो. दिवस तोच असतो व घरीं राहाण्याचें कारणहि बहुधा तेंच असतें: ताप, लग्नकार्य, मर्तिक, किंवा निव्वळ अंगांत मुरलेला शीण. परंतु एकाच्या पगारपत्रकावर त्या दिवसाचा ओरखडाहि उमटत नाहीं, आणि दुसऱ्याच्या हिशेबांतून एक रोज मुकाट्यानें वजा होतो. 'रजा' हा शब्द आपल्याकडे अरबी-फारशींतून आला. त्याचा मूळ अर्थ संमति, खुषी. धन्याच्या खुषीनें मिळालेली मोकळीक ती रजा. खाड्याला कोणाची खुषी लागत नाहीं. त्याची किंमत ज्याची त्यानेंच भरावयाची असते.

खाड्याचें रजेंत रूपांतर कसें होत गेलें, आणि कोणाच्या बाबतींत तें अद्यापि झालेलें नाहीं, हा इतिहास राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतका झगझगीत नसला तरी त्यापेक्षां अधिक लोकांच्या आयुष्याला लागून गेलेला आहे. विदर्भाच्या पूर्व टोंकाला असलेल्या गोंदिया जिल्ह्यापुरतें पाहिलें तरी त्याचे बहुतेक टप्पे आपणांस दिसूं शकतात. पण त्याची सुरुवात मात्र थोडी दुरून करावी लागते.

दीर्घ नोकरीबद्दल दीर्घ रजा ही कल्पना प्रथम साहेबांसाठीं निघाली. ईस्ट इंडिया कंपनीनें १७९६ सालीं आपल्या हिंदुस्थानांतील सैन्याची पुनर्रचना केली, तेव्हां येथें दहा वर्षें काढलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यास तीन वर्षें विलायतेंत जाऊन राहाण्याची पगारी मुभा देण्यांत आली. केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणाऱ्या जहाजाचा प्रवासच मुळीं कित्येक महिन्यांचा असे. चार आठवड्यांच्या रजेनें घर दिसणें शक्य नव्हतें. या रजेचें इंग्रजी नांव आपल्या कचेऱ्यांनीं 'फर्लो' असें करून घेतलें. पुढें १८६२ सालीं ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनीं आपल्या सरकारी नोकरांस अशीच सवलत दिली. तेथेंहि कारण तेंच होतें: मायदेश दूर, समुद्र मोठा, आणि अनुभवी नोकर परत यावा ही सरकारची गरज. या सवलतीचें मर्म असें कीं नोकर वर्ष-वर्ष कामावर नसला तरी त्याची नोकरी तुटली असें मानीत नसत.

शब्दांचेंहि नशीब असतें. साहेबाची ती ऐटदार फर्लो आज आपल्याकडे मुख्यत्वेंकरून तुरुंगाच्या कागदपत्रांत भेटते. मुंबई राज्यानें १९५९ सालीं केलेल्या नियमांपासून, शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला कांहीं काळानंतर घरीं जाण्यासाठीं मिळणाऱ्या सुटीला तोच शब्द रूढ झाला आहे. साहेबापासून निघालेला हा शब्द कैद्यापर्यंत येऊन पोंचला. मधल्या मजुराच्या दारावरून मात्र तो तसाच पुढें गेला.

आपल्या देशांतील कारखान्यांतल्या मजुराला पगारी सुटीचा कायदेशीर हक्क मिळाला तो १९४५ सालीं. त्या वेळीं व्हॉइसरॉयच्या मंडळांत मजूरखातें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होतें, आणि कारखाना-कायद्याच्या दुरुस्तीनें वर्षभर सलग काम केलेल्या प्रौढ कामगारास दहा दिवसांची पगारी सुटी ठरली. १९४८ च्या कारखाना-कायद्यानें व त्यावरील १९५४ च्या दुरुस्तीनें ही व्यवस्था अधिक बांधेसूद झाली: वर्षांत २४० दिवस काम भरलें कीं दर वीस दिवसांमागें एक दिवस रजा. गणित सोपें दिसतें. परंतु त्यांत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या होत्या. एक, मजूर 'कारखान्यांत' काम करतो. आणि दुसरी, त्याचा धनी कोण हें सर्वांना ठाऊक आहे. गोंदियाच्या मुलखांत या दोन्ही गोष्टी खऱ्या नव्हत्या.

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. गोंदिया, तिरोडा, गोरेगांव, आमगांव, सालेकसा, देवरी, सडक-अर्जुनी व अर्जुनी-मोरगांव असे त्याचे आठ तालुके. पावसाळ्यांत धान आणि उन्हाळ्यांत तेंदूपान या दोन पिकांवर या मुलखाचें पोट चालत आलेलें आहे. बंगाल-नागपूर रेल्वेचा रूळ आला, पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं सातपुड्यांतून जबलपुराकडे जाणारा अरुंद फांटा निघाला, आणि गोंदिया हें मोठें जंक्शन बनलें. जबलपुराकडे त्याच सुमारास उदयास आलेला विडीचा धंदा या रुळांच्या आधारानें इकडेहि पसरला. पान जंगलांत फुकट उगवे. तंबाखू आगगाडीनें येई. आणि धानाची कापणी-मळणी आटोपल्यावर रिकामे होणारे हात गांवोगांवीं होते. एवढ्या तीन गोष्टींवर एक प्रचंड धंदा उभा राहिला, व त्याला यंत्र म्हणून काय तें एक कात्री लागत होती.

या धंद्याचा कणा म्हणजे सट्टेदार. कारखानदाराकडून पानें व तंबाखू उचलावयाची, गांवांत घरोघर वाटावयाची, विड्या वळवून घेऊन त्या कारखान्यांत पोंचवावयाच्या, आणि हजारीं ठरलेल्या दरानें मजुरी चुकवावयाची, हें त्याचें काम. विडी वळणारी बाई कारखानदाराला बहुधा आयुष्यांत एकदांहि पाहात नसे. कारखानदाराच्या वह्यांत तिचें नांवहि नसे. विड्या छाटींत निघाल्या तर नुकसान तिचें, पानें कमी भरलीं तर भरपाई तिची. परंतु ती कोणाची नोकर, असें विचारलें तर कारखानदार सट्टेदाराकडे बोट दाखवी आणि सट्टेदार म्हणे कीं, मी स्वतःच कमिशनावर जगणारा मनुष्य. सरकारनें १९४४ सालीं द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या कामगार-चौकशी समितीनें ज्या धंद्यांचा तपास केला, त्यांत विडीचाहि धंदा होता. मध्यस्थांच्या मागें दडलेला धनी शोधून काढणें हा पुढील तीस वर्षें न्यायालयांचा एक मोठा उद्योगच होऊन बसला.

त्या खटल्यांत रजेचा प्रश्न वारंवार वर येतो. नागपूरच्या एका विडी-कारखान्यांतील तिघां कामगारांनीं डिसेंबर १९५५ च्या उत्तरार्धांत पंधरा दिवसांची रजा मागितली व ते कामावर गेले नाहींत. कारखानदाराचें म्हणणें असें कीं, हे लोक हजारी दरानें मजुरी घेतात, वाटेल तेव्हां येतात, वाटेल तेव्हां जातात. तेव्हां हे कामगारच नव्हत, मग रजा कसली? पंधरा दिवसांच्या मजुरीसाठीं हें प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. १९६० च्या डिसेंबरांत निकाल लागला तो कामगारांच्या बाजूनें: कारखान्यांत येऊन, कारखान्याच्या देखरेखीखालीं, ठराविक वेळांच्या मर्यादेंत काम करणारा मनुष्य हजारी दरावर असला तरी कामगारच होय. म्हणजे १९५५ च्या पंधरा दिवसांचा निर्णय होण्यास पांच वर्षें लागलीं.

पण पुढच्याच वर्षीं, १९६१ सालीं, महाराष्ट्रांतील दुसऱ्या एका प्रकरणांत नेमका उलट निकाल लागला. तेथें प्रश्न एका मजुराच्या अवघ्या चार दिवसांच्या रजेच्या पैशांचा होता. त्याच्यावर देखरेखीचें बंधन पुरेसें नव्हतें, यावें-जावें ही त्याची मर्जी होती, म्हणून तो कायद्याच्या अर्थानें कामगार नव्हे, असें बहुमतानें ठरलें. न्यायमूर्ति सुब्बाराव यांनीं मात्र आपलें वेगळें मत नोंदविलें. या दोन्ही निकालांच्या आधीं, १९५८ सालीं, सागरच्या एका कारखान्यासंबंधानें सर्वोच्च न्यायालयानें असें म्हटलें होतें कीं सट्टेदार हा स्वतंत्र ठेकेदार होय, आणि म्हणून तो कारखान्याच्या हजेरीपटांत यावयास नको. हे सर्व निकाल तर्काच्या दृष्टीनें आपापल्या जागीं नेटके आहेत. परंतु ते एकत्र ठेवून वाचले असतां एक विचित्र गोष्ट ध्यानांत येते: मजुरावर जितकी पाळत अधिक, तितका त्याचा रजेवरील हक्क पक्का, आणि तो जितका मोकळा, म्हणजे खरें पाहातां जितका निराधार, तितका तो रजेपासून दूर. स्वातंत्र्याची किंमत खाड्यांत मोजली जात होती.

ही कोंडी कायद्यानेंच फोडावी लागली. मद्रासकडील एका प्रकरणांत १९६४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें नांवाच्या 'स्वतंत्र' ठेकेदाराचा बुरखा बाजूला सारून मूळ कारखानदारास जबाबदार धरलें, आणि दोनच वर्षांनीं संसदेनें विडी व सिगार कामगारांचा १९६६ चा कायदा केला. त्यानें घरीं बसून विडी वळणाऱ्या बाईला कामगार म्हटलें, ठेकेदारामार्फत घेतलेल्या मजुराची जबाबदारी मूळ धन्यावर टाकली, आणि वीस दिवसांमागें एक दिवस ही पगारी रजा घरांतल्या मजुरापर्यंत नेली. घरच्या कामाचे दिवस मोजावयाचे कसे, असा आक्षेप घेऊन कारखानदार पुन्हां न्यायालयांत गेले. १९७४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा ग्राह्य ठरविला. अशा रीतीनें रजेचा हक्क कारखान्याच्या फाटकाबाहेर पडून झोपडीच्या ओटीवर येऊन बसला, निदान कागदावर तरी.

या इतिहासांतील एक गोष्ट मात्र बहुधा दुर्लक्षित राहाते, आणि आपल्या विषयाला तीच अधिक महत्त्वाची आहे. १९७६ सालीं विडीवर एक उपकर बसवून त्यांतून विडी कामगारांसाठीं कल्याण-निधि उभा करण्यांत आला. दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ति, घरबांधणीस मदत हीं त्यांतून होत असत. हा उपकर कोणत्या कारखान्याची विडी हें पाहात नसे, आणि मदतहि कोणत्या सट्टेदाराकडे काम, हें न पाहातां ओळखपत्रावर मिळे. बाईनें सट्टेदार बदलला तरी ओळखपत्र तेंच. वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हां २०१७ सालीं हा उपकर रद्द झाला, ही गोष्ट वेगळी. परंतु धनी बदलला तरी हक्क न बदलणें ही कल्पना गोंदियाच्या विडीवालीला चाळीस वर्षें परिचयाची होती. रजा मात्र त्या ओळखपत्रावर कधींच चढली नाहीं. ती धन्याच्या वहींतच राहिली.

विडीचा धंदा आतां पूर्वीसारखा राहिलेला नाहीं. परंतु सट्टेदार गेला असें कोणी म्हणूं नये. त्यानें नुसतें ठिकाण बदललें. कोणत्याहि जिल्ह्याच्या गांवीं आज रुग्णालयें, बँका, महाविद्यालयें, रेल्वेस्थानकें, सरकारी कचेऱ्या यांची झाडलोट बहुतांशीं ठेक्यानें होते. पहांटे येऊन फरशी पुसणारी, संडास धुणारी, कचरा उचलणारी बाई त्याच इमारतींत दहा-दहा वर्षें दिसते. तिला कोणत्या खोलींतला नळ गळतो हें तेथील साहेबापेक्षां अधिक ठाऊक असतें. साहेब बदलतात, ठेकेदार बदलतात, कधीं तिच्या अंगावरील साडीचा वा कोटाचा रंग बदलतो. फक्त ती बदलत नाहीं. आणि तरीहि प्रत्येक नव्या निविदेबरोबर कायद्याच्या दृष्टीनें ती नवी होते. तिची नोकरी पुन्हां पहिल्या दिवसापासून सुरू होते.

याचा अर्थ काय होतो तें एका साध्या हिशेबानें पाहूं. उपदान, ज्याला बोलतांना सर्वजण ग्रॅच्युइटी म्हणतात, १९७२ च्या कायद्यानें सुरू झालें. पांच वर्षांची अखंड नोकरी झाल्यावर दर वर्षामागें पंधरा दिवसांचा पगार असा त्याचा दर. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत मुदतबंद करारावर नेमलेल्या नोकराला एका वर्षानंतरहि तें देण्याची तरतूद आली, पण इतरांसाठीं पांच वर्षांची अट राहिली. एकाच धन्याकडे दहा वर्षें काढलेल्या बाईला दीडशें दिवसांचा पगार मिळेल. त्याच इमारतींत, तीच झाडणी घेऊन, तींच दहा वर्षें दोन-दोन वर्षांच्या पांच ठेकेदारांच्या हाताखालीं काढलेल्या बाईचा या नियमानें होणारा हिशेब शून्य. सांठलेल्या रजेचेंहि तेंच: ती एका ठेकेदाराच्या वहींतून दुसऱ्याच्या वहींत जात नाहीं. श्रमांत कांहींच फरक नाहीं. फरक फक्त पाटीवरील नांवांत.

या अन्यायावर उपाय म्हणून आपल्या देशानें प्रथम एक सरळ मार्ग धरून पाहिला, तो म्हणजे ठेकाच बंद करण्याचा. १९७० च्या ठेका-मजूर कायद्यानें सरकारला तसा अधिकार दिला होता. त्यानुसार ९ डिसेंबर १९७६ रोजीं मध्यवर्ती सरकारनें अधिसूचना काढून आपल्या कक्षेंतील आस्थापनांच्या मालकीच्या इमारतींची झाडलोट, साफसफाई व पहारा हीं कामें ठेक्यानें करून घेण्यास मनाई केली. त्या अधिसूचनेच्या आधारानें मुंबईच्या विमान कंपनीच्या इमारतींतील झाडूवाल्यांचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें, व १९९६ सालीं न्यायालयानें त्यांस थेट नोकरींत सामावून घेण्याचा आदेश दिला. हा विजय पांच वर्षेंच टिकला. ३० ऑगस्ट २००१ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या पीठानें तो निकाल फिरविला. ठेका बंद झाला म्हणून मजूर आपोआप मूळ धन्याचा होत नाहीं असें ठरविलें, आणि सरसकट काढलेली ती १९७६ ची अधिसूचनाहि रद्द केली.

पुढें २०२० सालीं कामाच्या ठिकाणची सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिति यांसंबंधीं नवी संहिता मंजूर झाली व २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अंमलांत आली. १९४८ चा कारखाना-कायदा, १९६६ चा विडी-कायदा, १९७० चा ठेका-मजूर कायदा हे सर्व तिच्यांत विलीन झाले. तिनें आस्थापनेच्या मुख्य कामांत ठेक्याचे मजूर लावण्यास बंदी केली आहे. परंतु मुख्य काम कोणतें हें सांगतांना झाडणें, पुसणें, साफसफाई व कचऱ्याची विल्हेवाट हीं कामें, ती आस्थापना त्याच कामासाठीं स्थापलेली नसेल तर, स्पष्ट शब्दांत वगळलीं आहेत. म्हणजे १९७६ सालीं ज्या कामांतून ठेका प्रथम हांकलला, त्याच कामांत आतां त्याला राजरोस आसन मिळालें. वार्षिक रजेसाठीं २४० ऐवजीं १८० दिवस पुरे झाले, ही त्या संहितेंतील चांगली गोष्ट नाकारण्याचें कारण नाहीं. पण रजेचें खातें धन्यापाशींच राहिलें.

कोणी म्हणेल, न्यायालयाची वाट तर अजून मोकळी आहे. आहे खरी. मुंबई महानगरपालिकेच्या कचरा उचलणाऱ्या सुमारें २,७०० मजुरांनीं कचरा वाहतूक श्रमिक संघामार्फत ती वाट धरली, आणि आपण नांवापुरतेच ठेक्याचे, वस्तुतः पालिकेचेच नोकर आहों, हें सिद्ध करून २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयांत यश मिळविलें. पण त्यासाठीं बळकट संघटना, चिकाटीचे पुढारी व दशकभराची झुंज लागली. आमगांवच्या एखाद्या बँकेच्या शाखेंत एकटीच झाडणारी बाई तेवढी झुंज कोणाच्या बळावर देणार? तिच्या चार दिवसांच्या रजेचा खटला चालविण्याचा खर्च तिच्या चार वर्षांच्या मजुरीएवढा होईल.

उरला तिसरा मार्ग. तो असा कीं, धनी कोण याचा शोध सोडून द्यावा आणि मजुराचें खातें धन्याच्या वहींतून काढून एका समाईक पेढींत ठेवावें. हा मार्ग परदेशी आहे असें मानण्याचें कारण नाहीं. महाराष्ट्रानेंच तो मोठ्या प्रमाणांत चालवून दाखविला. गोदींतील मजुरांसाठीं १९४८ सालीं कायदा झाला व मुंबई बंदरांत १९५१ च्या योजनेनें त्यांची नोंदणी सुरू झाली. मजूर आज एका जहाजावर, उद्यां दुसऱ्या. पण त्याचें नांव मंडळाच्या पटावर कायम. त्याच धर्तीवर, अण्णासाहेब पाटील यांनीं चालविलेल्या चळवळीच्या रेट्यानें, १९६९ सालीं माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. डोक्यावर पोतें वाहाणारा मनुष्य सकाळीं एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर तर दुपारीं दुसऱ्याच्या गाळ्यावर. त्याचा धनी कोण हें ब्रह्मदेवालाहि सांगतां आलें नसतें. कायद्यानें तो प्रश्नच बाजूला ठेवला. व्यापाऱ्यानें मजुरी व तिच्यावरील ठराविक टक्के लेव्ही मंडळांत भरावी, आणि मंडळानें त्यांतून भविष्यनिर्वाह निधि, उपदान, बोनस व भरपगारी रजा द्यावी. तीस व्यापाऱ्यांचीं पोतीं वाहिलीं तरी रजा एकाच खात्यांत सांठते. पुढें १९८१ सालीं खासगी सुरक्षा रक्षकांसाठींहि महाराष्ट्रानें अशीच मंडळें देणारा कायदा केला.

येथें वाचकानें क्षणभर थांबून एक चित्र डोळ्यांपुढें आणावें. एकाच इमारतीच्या दारांत मंडळाचा पहारेकरी उभा आहे आणि तोच दरवाजा झाडणारी ठेक्याची बाई वांकलेली आहे. १९७६ च्या अधिसूचनेंत पहारा व झाडलोट हीं दोन कामें एका ओळींत होतीं. पहाऱ्याला १९८१ सालीं समाईक पेढी मिळाली. झाडणीला ती मिळालेली नाहीं. याचें कारण कामाच्या स्वरूपांत सांपडत नाहीं. तें झाडणी हातीं धरणाऱ्यांच्या जातींत व स्त्रीपणांत शोधावें लागतें, आणि हें सांगतांना संकोच करण्यांत अर्थ नाहीं.

ज्या ऑस्ट्रेलियानें साहेबाची फर्लो १८६२ सालीं आपल्या कारकुनांस दिली, त्याच देशानें हा धागा पुढें झाडूवाल्यांपर्यंत नेला. न्यू साउथ वेल्सनें १९५१ सालीं दीर्घ रजेचा हक्क खासगी नोकरांस दिला: एका धन्याकडे वीस वर्षें, मग सुमारें तीन महिने. परंतु घरें बांधणाऱ्या गवंड्याचा धनी प्रत्येक घराबरोबर बदलतो. म्हणून टास्मानियानें १९७१ सालीं बांधकामाच्या धंद्यासाठीं समाईक निधि काढला. हीच अडचण ठेक्याच्या सफाईंत आहे हें ओळखून राजधानीच्या प्रदेशानें १९९९ सालीं, क्वीन्सलंडनें २००५ सालीं, न्यू साउथ वेल्सनें २०१० सालीं आणि व्हिक्टोरियानें २०१८ सालीं तिच्यासाठीं कायदे केले. व्हिक्टोरियाची योजना १ जुलै २०१९ पासून चालू झाली. ठेकेदारानें दर तिमाहीस नोकरांचीं नांवें कळवावीं व पगारावर शेंकडा दोनांहूनहि कमी असा आकार भरावा. नोकराच्या नांवें खातें राहातें. आणि धंद्यांत सात वर्षें भरलीं, मग ठेकेदार कितीहि बदललेले असोत, कीं सुमारें सहा आठवड्यांची पगारी रजा. समुद्रापार घर असलेल्या अधिकाऱ्यासाठीं निघालेली रजा दोन शतकांनीं त्याच्या कचेरीची फरशी पुसणाऱ्या बाईच्या हातीं पडली.

आपल्याकडे असें करावयाचें म्हटलें तर आक्षेप निघतील, आणि ते सर्वच पोकळ नाहींत. पहिला खर्चाचा. आकार ठेकेदार भरील, पण तो निविदेंत चढवील आणि अखेर तो रुग्णालयाच्या किंवा नगरपालिकेच्या तिजोरींतून जाईल. हें खरें आहे. पण आज तो खर्च होत नाहीं असें नाहीं, तो बाईच्या अंगावरून वसूल होतो एवढेंच. दुसरा आक्षेप मंडळांच्या कारभाराचा. माथाडीच्या नांवाखालीं खंडणी उकळल्याच्या तक्रारी झालेल्या आहेत, आणि खोट्या नोंदींचा प्रश्न कोणत्याहि पटाला सुटलेला नाहीं. तिसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. बाईला रजा हवी आहे कीं रोख? रोवणीच्या दिवसांत तिला पगारी रजा मिळाली तर ती बहुधा दुसऱ्याच्या बांधींत रोवणीलाच जाईल. मग तिला विश्रांति ती कोणती? या आक्षेपाला उत्तर एकच: आपण कारकुनाला रजा देतांना तो तीर्थयात्रेस जातो कीं घराला चुना लावतो, हें विचारीत नाहीं. रजेचा अर्थच मुळीं आपल्या दिवसावर आपली संमति. ती संमति कोणत्या कामीं लावावी हें तिनें ठरवावें.

शिवाय यंत्रणा नाहीं असेंहि म्हणतां येत नाहीं. भविष्यनिर्वाह निधीला २०१४ पासून एकच सार्वत्रिक क्रमांक मिळूं लागला. ठेकेदार बदलला तरी तो क्रमांक बदलत नाहीं, व जुनी शिल्लक त्यालाच जोडतां येते. म्हातारपणाची पुंजी जर अशा रीतीनें मजुराबरोबर चालूं शकते, तर रजेचे दिवस व उपदानाचीं वर्षें कां चालूं नयेत? हिशेब तोच, क्रमांक तोच. फक्त दोन रकाने अधिक.

तोंवर एक लहान सुधारणा मात्र कायद्याची वाट न पाहातां करण्याजोगी आहे. ठेका देणाऱ्या प्रत्येक कचेरीनें साफसफाईचा हजेरीपट ठेकेदाराकडे न ठेवतां स्वतःकडे ठेवावा, आणि नव्या ठेकेदारास जुन्या माणसांची सेवा मोजून पुढें चालविण्याची अट निविदेंतच घालावी. १९५८ च्या खटल्यापासून पाहिलें तर सारा वाद एका वहीभोंवतीं फिरत आलेला आहे: कोणाचें नांव कोणाच्या पटावर? सट्टेदाराच्या काळांत तो पट सट्टेदाराच्या घरीं होता, ठेकेदाराच्या काळांत तो ठेकेदाराच्या बॅगेंत आहे, आणि दर निविदेला तो बॅगेसह निघून जातो. तो पट ज्या इमारतीची फरशी रोज पुसली जाते त्या इमारतींत राहिला, तर दहा वर्षांनंतर त्या बाईला निदान इतकें तरी दाखवितां येईल कीं ती येथें दहा वर्षें होती. रजेचा हक्क त्यानंतरची पायरी. पण पहिली पायरी नसतां दुसरीवर कोणी चढलेलें इतिहासांत दिसत नाहीं.